चिंचोके संपले, डाव संपला नाही: पोकरमधल्या अपुऱ्या ऑल-इनचे नियम

गेल्या चवथीला, तिसऱ्या रात्री, आमच्या माजघरात भांडण झालं. भजन साडेबाराला आटपलं होतं, भजनी मंडळी उसळ-पाव खाऊन पुढच्या घरी गेली होती आणि गणपतीपाशी कुणीतरी जागायला हवं म्हणून आम्ही सहाजण माटवीखाली (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवाखाली) सतरंजी टाकून पत्ते घेऊन बसलो. एरवी मुंगूस नाहीतर तीन पत्ती असते. यंदा दादा मुंबईहून पोकर शिकून आला होता. बटाटेवाल्यांच्या पिशवीसारखी एक पिशवी भरून चिंचोके निघाले, मी पत्ते वाटायला बसलो आणि तासाभरात सगळ्यांना खेळ बऱ्यापैकी जमायला लागला. मग हा डाव आला.

फ्लॉपवर, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते उघडल्यावर, तात्यांनी १०० लावले. दादाने कॉल केलं, म्हणजे तेवढेच भरले. वयनीपुढे सगळे मिळून १५० उरले होते, तिने ते दोन्ही हातांनी पुढे ढकलले आणि म्हणाली, "ऑल-इन." मामांनी पत्ते टाकले, बाबूने टाकले. फिरून तात्यांचा नंबर आला. तात्या म्हणाले, "पाचशे."

दादा म्हणाला, "तात्यानु, तुमका वाढवूक येवचा नाय. पन्नास भरा, नायतर पत्ते टाका."

"असा कसा? माझो नंबर इलो मां परत!"

तात्यांचं म्हणणं चुकीचं होतं, पण वेडगळ नव्हतं. नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हेच वाटतं: माझ्यापुढे नंबर आला म्हणजे मला सगळं करता यायला हवं. त्या रात्री मी कागदावर आकडे मांडून समजावलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कुणी कमी चिंचोक्यांत ऑल-इन गेलं की दोन वेगळे प्रश्न तयार होतात. एक, कोणत्या पॉटवर, म्हणजे मध्ये जमलेल्या ढिगावर, कुणाचा हक्क? दोन, आता वाढवायचा हक्क कुणाला उरला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बेरजेत आहे, दुसऱ्याचं बोलीच्या क्रमात. माणसं दोन्ही एकत्र कालवतात आणि रात्री दीड वाजता आवाज चढतात.

बसण्याआधी

इथे मी नो-लिमिट होल्डेम धरून चाललोय: प्रत्येकाला दोन झाकले पत्ते, मध्ये पाच उघडे (आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, मग एक रिव्हर), आणि झाकले पत्ते मिळाल्यावरची धरून या चार टप्प्यांवर बोली. बटण म्हणजे वाटणाऱ्याची खूण. ती दर डावाला डावीकडे सरकते. बटणाच्या डावीकडचा छोटा ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी सक्तीने भरायची रक्कम) भरतो, त्याच्या पुढचा मोठा. हे एवढं येत नसेल तर आधी दहा-बारा डाव नुसते खेळून घ्या, मग परत या.

आमच्याकडे चिंचोका म्हणजे ५, कवडी म्हणजे २५ आणि सागरगोटा म्हणजे १००. प्रत्येकाला १०००: पाच सागरगोटे, सोळा कवड्या, वीस चिंचोके. सागरगोटे आत्याच्या लहानपणच्या डब्यातले, गुळगुळीत झालेले, हातात घेतले की ठेववत नाहीत. ब्लाइंड ५ आणि १०. बाजारात प्लास्टिकच्या चिप्स मिळतात, पण पाऊस, सतरंजी आणि माटवीच्या कवंडाळांखाली त्या शोभत नाहीत असं माझं मत.

पैसे लावू नका. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासूनचा आहे, आणि पैसे लावून ऑनलाइन खेळायचं म्हणाल तर २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने ते दारही बंद झालं. ज्यांना खऱ्या टेबलावर बसून बघायचंच आहे ते पणजीला मांडवीतल्या जहाजांवर जातात. तिथे हे नियम समजावत बसायला कुणाला वेळ नसतो, म्हणून घरी चिंचोक्यांवर शिकलेलं बरं.

टेबलावर आहे तेवढंच

तीन पत्ती खेळलेल्यांना पहिला धक्का इथे बसतो. तीन पत्तीत डाव रंगात आला आणि चाल करायला पैसे उरले नाहीत की माणूस शेजाऱ्याच्या पोटात कोपर मारतो: दे रे पन्नास, मागाहून देतो. पोकरमध्ये हे चालत नाही. पत्ते वाटायला सुरुवात झाली तेव्हा तुमच्यापुढे टेबलावर जेवढं होतं, तेवढ्यावरच तो डाव खेळायचा. मध्येच उसने घ्यायचे नाहीत, खिशातून काढायचे नाहीत, आणि जिंकलेले खिशात टाकायचेही नाहीत.

याचीच दुसरी बाजू अशी की समोरच्याने तुमच्या ऐपतीबाहेर बोली लावली म्हणून तुम्हाला डावातून हाकलता येत नाही. तुमच्याकडे ६० आहेत आणि बोली १०० ची आहे? साठच्या साठ पुढे करा, "ऑल-इन" म्हणा आणि शेवटपर्यंत डावात राहा. फक्त तुम्ही जिंकलात तर प्रत्येकाकडून तुम्हाला मिळणार साठच. हा झाला अपुरा कॉल. यात भांडणाला जागा नाही, कारण तुम्ही कुणाचीच बोली वाढवलेली नाही.

अपुरं देण्याची ही मुभा फक्त शेवटचा चिंचोका पुढे करणाऱ्याला. पुढे ढीग ठेवून "मी निम्मेच भरतो" असं म्हणता येत नाही.

तोंडाने बोलायची सवय लावा. आपला नंबर आल्यावर जे म्हणाल ते बंधनकारक. न बोलता एकच मोठा सागरगोटा टाकलात आणि समोरची बोली ३० ची असेल, तर तो कॉल धरतात, रेझ (वाढ) नाही. ७० परत मिळतात. आणि ऑल-इन जाणाऱ्याने आपले किती आहेत ते मोजून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं, किंवा वाटणाऱ्याने मोजावं. पुढचं सगळं त्या एका आकड्यावर अवलंबून असतं. मोठे नग पुढे, दिसतील असे ठेवा. चिंचोक्यांच्या ढिगामागे सागरगोटा लपवणारा माणूस मला आवडत नाही.

वाढ मोजायची कशी

आता तात्यांच्या प्रश्नाकडे. त्यासाठी एकच आकडा डोक्यात धरायचा: किमान वाढ. नो-लिमिटमध्ये जास्तीत जास्त कितीही वाढवता येतं, पण कमीत कमीला हद्द आहे. त्या टप्प्यावर आतापर्यंतची जी सर्वांत मोठी बोली किंवा वाढ झाली असेल, निदान तेवढी तरी वाढ हवी. तात्यांनी १०० लावले. पुढच्याला वाढवायचं तर एकूण २०० करायला हवेत. कुणी २५० केले तर वाढ १५० ची झाली, म्हणजे त्यापुढचा आकडा किमान ४००.

वयनीने १०० चे १५० केले. वाढ पन्नासची. हवी होती शंभरची. तिच्याकडे तेवढेच होते म्हणून तिला परवानगी, पण ती पूर्ण वाढ नाही. आणि नियम असा: अपुऱ्या ऑल-इनमुळे, ज्याने आधीच आपली बोली करून झाली आहे त्याचा वाढवण्याचा हक्क पुन्हा जागा होत नाही. तात्यांनी बोली लावली होती. दादाने कॉल केलं होतं. दोघांनी आपापली संधी वापरली. आता दोघांपुढे दोनच वाटा: वरचे ५० भरणे किंवा पत्ते टाकणे.

असं का, हे तात्यांनी विचारलं आणि प्रश्न रास्त होता. बोली लावताना तात्यांनी शंभर पुरेत असं स्वतःच ठरवलं होतं. दादाने त्याला होकार दिला. मध्ये तिसऱ्या कुणीतरी, केवळ तिच्या खिशाला तेवढंच परवडलं म्हणून, पन्नास वर टाकले. तेवढ्या निमित्ताने तात्यांना पाचशे करू दिले तर दादावर अन्याय होतो. त्याने शंभरची बोली समजून होकार दिलेला होता. खऱ्या अर्थाने कुणी बोली वाढवलीच नाही आणि तरी तो पाचशेच्या तोंडी आला. शिवाय दोन जोडीदार संगनमत करून असं वरचेवर घडवून आणू शकले असते: एकाने थोडेसे वाढवून ऑल-इन जायचं, दुसऱ्याने त्या फटीतून घुसायचं.

एक बारकावा तेव्हा निसटला, तो इथे टाकतो. समजा मामांनी पत्ते टाकले नसते. मामा वयनीनंतरचे, त्यांची त्या टप्प्यावर अजून एकदाही बोली झालेली नव्हती. त्यांचा हक्क शाबूत. ते १५० भरू शकले असते, टाकू शकले असते किंवा वाढवूही शकले असते. किती? १५० अधिक १००, म्हणजे किमान २५०. वयनीची पन्नासची अपुरी वाढ किमान वाढीला पन्नासवर आणत नाही. ती शंभरच राहते. आणि मामांनी एकदा २५० केले, की तात्या आणि दादा दोघांचाही हक्क जागा होतो, कारण आता खरी, पूर्ण वाढ समोर आली.

चेक केलेला, म्हणजे काही न लावता नंबर पुढे सोडलेला, माणूसही "बोली करून झालेला" धरतात. तुम्ही चेक केलंत आणि नंतर कुणी मोठ्या ब्लाइंडपेक्षाही कमी, समजा एकच चिंचोका, लावून ऑल-इन गेलं, तर त्यावर तुम्हाला वाढवता येत नाही, भरता येतं. (त्या चिंचोक्यानंतर अजून न बोललेल्या माणसाला वाढवायचं असेल तर नुसते १० पुरे करून चालेल की १५ करावे लागतील, यावर टेबलागणिक पद्धत वेगळी असते. आमच्या घरी १५. तुमच्या घरी आधीच ठरवा.)

थेंबे थेंबे

भांडण मिटलं, तात्यांनी कुरकुरत पन्नास भरले. आणि दोन डावांनंतर जवळजवळ तशीच मांडणी परत जमून आली, म्हणूनच ही रात्र माझ्या लक्षात राहिली.

फ्लॉपआधी पाचही जणांनी २० भरले होते, मध्ये १००. फ्लॉप आला: बदाम राजा, किल्वर नव्वी, चौकट पंजी. तात्या १००. दादा कॉल १००. वयनी ऑल-इन, परत १५० (मधल्या डावात ती जिंकून हरून पुन्हा तिथेच आली होती). मामांनी यावेळी १५० भरले. मग बाबू. बाबूकडे २१० होते आणि तोही ऑल-इन.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता काय? आता तरी वाढवूचा काय नाय?"

मोजा. तात्यांचे आधीचे १००. समोर आता २१०. फरक ११०. वयनीची वाढ ५० ची, अपुरी. बाबूची ६० ची, तीही अपुरी. पण तात्यांच्या दारात दोन्ही मिळून ११० उभे आहेत आणि पूर्ण वाढ १०० ची. दोन अपुऱ्या ऑल-इनची बेरीज पूर्ण वाढीएवढी किंवा जास्त झाली, की ज्याच्यापुढे ती बेरीज आली त्याचा हक्क जागा होतो. तात्यांना वाढवता येतं. किमान किती? २१० अधिक १००, म्हणजे ३१०.

दादाचंही तसंच, त्याच्यापुढेही ११०.

आणि मामा? मामांनी १५० भरलेले. त्यांच्यापुढे फरक फक्त ६०. तात्या आणि दादा दोघांनी नुसता कॉल केला असता, तर मामांना ६० भरता आले असते, वाढवता आलं नसतं. एकाच टेबलावर, एकाच फेरीत, दोघांसाठी दार उघडं आणि तिसऱ्यासाठी बंद. "कुणी किती वाढवलं" हे विचारू नका. "या माणसापुढे, त्याने शेवटचं भरल्यानंतर, किती वाढ आली" हे विचारा. प्रत्येकाचा हिशोब त्याच्या स्वतःच्या शेवटच्या भरण्यापासून. नियमातली ही एक ओळ पक्की झाली की नव्वद टक्के वाद संपतात.

त्याच सूत्राचं आणखी एक रूप, कागदावर करून बघा. तात्या १००, दादा वाढवून २००, वयनी ऑल-इन २७०. तात्यांपुढे फरक १७०, त्यात दादाची पूर्ण वाढ आहे, म्हणून तात्यांना वाढवता येतं. पण तात्यांनी नुसते २७० केले तर दादापुढे फरक फक्त ७०, आणि दादाला वाढवता येत नाही. शेवटची पूर्ण वाढ त्याचीच होती. स्वतःवरच स्वतः वाढवायचं कसं?

हे सगळं मी मनाचं सांगत नाही. स्पर्धा चालवणाऱ्या संचालकांची टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन म्हणून संघटना आहे, २००१ साली सुरू झालेली. तिच्या नियमावलीत बेरजेचा हा नियम याच अर्थाने आहे. लिमिट पोकरमध्ये, म्हणजे बोलीचा आकडा ठरलेला असतो त्या प्रकारात, मात्र पूर्ण वाढीची निम्मी रक्कम भरली तरी दार उघडतं. नो-लिमिटमध्ये निम्म्याचा हिशोब ऑल-इनला लावू नका. दोन्ही खेळलेली माणसं इथेच घोळ घालतात, आणि सगळ्यांत ठामपणे तीच बोलतात.

थर लावायचे

तात्यांनी ५०० केले. दादाकडे एकूण ४३० होते. त्याने ते सगळे टाकले. अपुरा कॉल. मामांनी एकदा वयनीकडे, एकदा तात्यांकडे बघितलं आणि पत्ते टाकले. त्यांचे १५० मध्येच राहिले. टाकलेल्या माणसाचं भरलेलं परत मिळत नसतं.

आता पहिला प्रश्न: कोणत्या पॉटवर कुणाचा हक्क. इथे घाई करायची नाही. आमच्याकडे बाबूने हातानेच सगळे चिंचोके मध्ये एकत्र केले असते, मी मनगट धरलं. मोजेपर्यंत प्रत्येकाचं भरलेलं त्याच्याच पुढे राहू द्या. एकदा ढीग झाला की कुणाचे किती हे देवालाही सांगता येत नाही.

सर्वांत कमी ऑल-इनपासून सुरुवात. वयनीचे १५०. प्रत्येकाच्या पुढून १५० उचला: तात्या, दादा, वयनी, बाबू आणि टाकलेले मामा. पाच गुणिले १५० म्हणजे ७५०. त्यात फ्लॉपआधीचे १०० मिळवा. मुख्य पॉट ८५०. यावर हक्क चौघांचा: वयनी, बाबू, दादा, तात्या.

आता मामांपुढे काही उरलं नाही, वयनीपुढेही नाही. उरलेल्यांत सर्वांत कमी बाबूचे: २१० वजा १५०, म्हणजे ६०. तिघांच्या पुढून ६० उचला. १८०. पहिला साइड पॉट. हक्क तात्या, दादा, बाबू. वयनीचा इथे काही संबंध नाही, तिला चार एक्के का मिळेनात.

मग दादा. ४३० वजा २१०, म्हणजे २२०. दोघांच्या पुढून २२०, एकूण ४४०. दुसरा साइड पॉट. हक्क फक्त तात्या आणि दादाचा.

तात्यांपुढे अजून ७० उरले. त्यांना कुणीच जोड दिलेली नाही. ते तात्यांना परत. तात्या ते घेईनात. "माझी बोली पाचशेची होती" म्हणून मानी माणसासारखे बसून राहिले. पण ज्या रकमेला समोरून कुणी उभं राहिलं नाही ती पैजेत नाहीच. मी ७० त्यांच्या मांडीवर ठेवले.

ताळा करून बघा. ८५०, १८०, ४४० आणि ७० मिळून १५४०. भरलेले: १००, ५००, ४३०, १५०, १५०, २१०. तेही १५४०. ताळा जुळत नसेल तर पुढचा पत्ता उघडू नका.

आमच्या किनाऱ्यावर ज्यांनी रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून दोरीने जाळं ओढायची मासेमारी, बघितली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. ज्या ओढीत दोरीला हात लागला त्या ओढीच्या मासळीत वाटा. हात धुऊन घरी गेल्यावर दुसऱ्यांदा जाळं लागलं तर त्यातल्या बांगड्यावर हक्क सांगायला कुणी येत नाही. वयनीने पहिल्या ओढीला हात लावला. बाबूने दोन. दादाने तिन्ही.

तात्यांकडे ढीग शिल्लक होता, पण बोली लावायला समोर कुणी नव्हतं, म्हणून पुढे बोली नाही. टर्न आणि रिव्हर सरळ उघडायचे. दोघांकडे तरी चिंचोके शिल्लक असते तर त्या दोघांनी टर्नवर आणि रिव्हरवर आपसात बोली लावली असती, आणि ती सगळी शेवटच्या साइड पॉटमध्ये गेली असती, ऑल-इन गेलेल्यांचा तिला स्पर्श नाही. अशा वेळी एक गोष्ट अगदी घरातल्या माणसांतही करू नका: "वयनीला बाहेर काढूया, आपण दोघं चेक करत जाऊ" असं तोंडाने ठरवणं. मनात ठेवून चेक करा, कुणी अडवणार नाही. बोललात की ते संगनमत.

पत्ते दाखवताना

स्पर्धेत, कुणीतरी ऑल-इन आहे आणि बोली पूर्ण संपली आहे म्हटल्यावर सगळ्यांनी पत्ते उघडे ठेवायचे, रिव्हर यायच्या आधीच. पैशाच्या साध्या खेळात तसं बंधन नसतं. आम्ही उघडतो. माजघरात मजा त्यातच आहे.

वयनी: इस्पिक नव्वी, चौकट नव्वी. म्हणजे तीन नव्व्या. बाबू: इस्पिक राजा, बदाम नव्वी, दोन जोड्या. तात्या: चौकट राजा, किल्वर एक्का. दादा: किल्वर राजा, किल्वर गुलाम. टर्नला इस्पिक दुर्री, रिव्हरला बदाम सत्ती. कुणाचंच काही सुधारलं नाही.

वाटप उलट्या क्रमाने करायचं, शेवटच्या साइड पॉटपासून. कारण सोपं: मुख्य पॉट आधी दिला की जिंकणारा पत्ते फेकतो, गडबड होते आणि बाकीच्यांचे पत्ते बघायचे राहून जातात. तर ४४०: तात्या विरुद्ध दादा. दोघांची राजाची जोडी, तात्यांचा एक्का गुलामाला भारी. तात्यांना ४४०. मग १८०: तात्या, दादा, बाबू. दोन जोड्या भारी. बाबूला १८०. मग ८५०: चौघे. तीन नव्व्या. वयनीला ८५०.

सगळ्यांत चांगले पत्ते वयनीचे, तरी तात्यांना ४४० मिळाले. हे बघून मामा म्हणाले, ही लबाडी आहे. लबाडी नाही मामा, वयनीने त्या थरात एकही चिंचोका घातला नव्हता. दादा तिन्ही थरांत होता आणि तिन्हीत हरला. तो उठून घावने गरम करायला स्वयंपाकघरात गेला.

ब्लाइंडच पुरा नसेल तर

पहाटेच्या सुमारास हे हमखास होतं. कुणाकडे एकच चिंचोका उरतो आणि मोठा ब्लाइंड नेमका त्याच्यावर येतो. १० भरायचे, आहेत ५. तो ५ भरून ऑल-इन, त्याला पत्ते मिळतात. पण बाकीच्यांसाठी बोली १० चीच राहते. "त्याने पाचच भरले, आम्हीही पाच" चालत नाही. समजा तिघांनी दहा-दहा भरले आणि छोट्या ब्लाइंडने ५ भरून पत्ते टाकले. मुख्य पॉट पाच जणांचे पाच-पाच म्हणजे २५, साइड पॉट तिघांचे पाच-पाच म्हणजे १५. एका चिंचोक्याचे पाच होऊ शकतात. मी यातून परत उभे राहिलेले लोक बघितले आहेत, आणि चौथ्याच डावाला पुन्हा झोपलेलेही.

उरलेला चिंचोका

पत्ते सारखे निघाले तर पॉट निम्मा-निम्मा वाटायचा, पण प्रत्येक पॉट वेगवेगळा. मुख्य आणि साइड एकत्र करून भागू नका. हक्कदार वेगळे असतात. आणि भागताना एक नग उरला तर तो तोडायचा नाही. त्या रात्री शेवटी मामा आणि बाबू १२५ च्या पॉटवर बरोबरीत सुटले: साठ-साठ आणि वर एक चिंचोका. तो बटणाच्या डावीकडून मोजत गेल्यावर जो आधी येतो त्याला. आधी बाबू आला. त्याने तो चिंचोका आठवण म्हणून खिशात टाकला. टेबलावरचं खिशात जात नाही, असं सांगून मी तो काढायला लावला, आणि बाहेर काकडआरतीची घंटा वाजेपर्यंत तो त्याच चिंचोक्यावर खेळत बसला.